पोटातली हमी

रविवारी दहा वाजता मार्तंडराव टिल्लू येणार होते, आणि जानकीने आठ वाजल्यापासूनच घरघंटी पुसायला घेतली होती. जळालेलं मशीन चकचकीत करून कुणाला दाखवायचंय, असं हर्षदने विचारून पाहिलं. आईने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो मुकाट्याने पेपरात तोंड घालून बसला. मशीन बंद पडलं म्हणून ते घरातून उठलं नव्हतं, आणि जे घरात आहे ते पुसायचं, हा जानकीचा साधा नेम. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत नवऱ्याच्या गिरणीच्या पाळ्या आणि पाच माणसं सांभाळताना तो तिने मोडला नव्हता. मुलुंडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये येऊन तो मोडायचं काही कारण नव्हतं.

एका जागी मात्र तिचा हात जपून चाले. मशीनच्या पुढच्या बाजूला लक्ष्मीचं चित्र असलेला वीतभर स्टिकर होता. खाली ‘शुभ दसरा, खास सवलत’ असं लिहिलेलं. त्याच्यावरून ओलं फडकं फिरवायचं नाही, कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं. बाकी सगळे स्टिकर तिने पहिल्याच दिवशी खरवडून काढले होते, कारण नव्या वस्तूवर कागद चिकटलेला तिला खपत नसे. पण देवीला नखं कशी लावणार? उलट मार्गशीर्षातल्या चारही गुरुवारी तिने त्या लक्ष्मीला हळदकुंकू लावलं. शेवटच्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी मशीनमधून धूर निघाला आणि बिल्डिंगला बोलायला विषय मिळाला.

तो विषय मार्तंडरावांनीच पुरवला होता. हे गृहस्थ, दसऱ्याला जिथून ही घरघंटी घेतली त्या स्टेशनजवळच्या मिक्सर-कुकरच्या दुकानाचे मालक आणि याच सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे त्यांचा शब्द खाली वाण्याकडे आणि वर गच्चीपर्यंत सारखाच चाले. “जानकीवहिनींना मशीन झेपलं नाही हो,” ते लिफ्टमध्ये म्हणाले. “वय झालं. त्यात हळदकुंकू ओतलं वरून.” लिफ्टमध्ये चौघे होते, संध्याकाळपर्यंत ते चाळिसांना कळलं.

जानकी घरी वड्यांचं पीठ करून विकायची. नवघर रोडपर्यंतच्या बायका डबा घेऊन यायच्या. आता त्या येईनाशा झाल्या. कुणी भांडून गेलं असतं तर बरं, जानकीकडे उत्तरं तयार होती. पण त्या “काकू, खूप केलंत, आता आराम करा” असं गोड बोलून गेल्या, आणि गोड बोलणाऱ्याला काय उत्तर देणार. दोन महिने हे ऐकून ऐकून तिच्याच मनात किडा शिरला. दुपारी पडल्या पडल्या ती आपले हात उलटसुलट करून बघे. डाळ जास्त भाजली का? बटण चुकीचं फिरवलं का? चाळीस वर्षं जात्यावर, मग गिरणीत रांगा लावून जे पीठ कधी बिघडलं नाही, ते नेमकं आता का बिघडावं? पैसे परत मिळाले तर चांगलंच होतं, पण जानकीला तहान होती ती वेगळ्याच गोष्टीची. चूक हाताची की मशीनची, एवढं एकदा चारचौघांत ठरायला हवं होतं.

तक्रार मात्र तिने केली नव्हती. ती केली ऋतिकाने, हर्षदच्या बायकोने, आणि तीही सासूला न विचारता, जेवणाच्या टेबलावर बसून, मोबाईलवर. ऋतिका घाटकोपरच्या एका क्लासमध्ये कॉमर्स शिकवायची. ग्राहक आयोगाची नोटीस मार्तंडरावांच्या दुकानात पोचली, तेव्हा कुठे घरात कळलं. मार्तंडरावांचा फोन थोरल्या जयवंतला आला, “रविवारी मेकॅनिक घेऊन येतो, घरातल्या घरात मिटवू.” तेव्हापासून जयवंतचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

“आई, तू आज जास्त बोलू नकोस,” तो आता म्हणाला. थोरली सून लेकीला घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे त्याला आवरायलाही कुणी नव्हतं. “बिल्डिंग पाडून नवी बांधायची फाईल त्यांच्या हातात आहे. कमिटीत मला त्यांनी घेतलंय. एका मशीनपायी हे सगळं विस्कटायचं?”

“एका मशीनपायी नाही, दादा,” ऋतिका स्वयंपाकघरातून म्हणाली.

“तू जे क्लासमध्ये शिकवतेस ना, ते परीक्षेपुरतं ठेव. हमीच्या कार्डावर स्वच्छ लिहिलंय, ओलावा गेला तर कंपनी जबाबदार नाही. बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग उरलं काय?”

“न लिहिलेलं उरलं.”

हर्षद पेपराआड हसला. जयवंतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “न लिहिलेल्यावर कोर्ट चालतं का?”

ऋतिका हात पुसत बाहेर आली. दहा वर्षं ती हा धडा मुलांना घोकून घेत होती, पण घरातल्या कुणी तिला तो कधी विचारला नव्हता. “कायद्यात त्याला गर्भित शर्त म्हणतात, लोक हमी म्हणतात. गिऱ्हाईकाने सांगितलं की मला वस्तू अमुक कामासाठी हवी आहे, आणि दुकानदाराच्या माहितीवर विश्वास ठेवून घेतली, तर ती त्या कामाला चालायलाच हवी. दुकानदाराने तोंडाने हमी दिली नाही तरी ती त्या विक्रीत असतेच.”

जानकी फडकं पिळता पिळता थांबली. “गर्भित म्हणजे गो काय? पोटातली?”

“पोटातलीच, आई. बोललेली नाही, पण असलेली.”

“मगे असा सांग ना,” जानकी म्हणाली. हा शब्द तिला पटला. लग्न ठरताना सासऱ्यांनी काय कमी न बोललेल्या गोष्टी दिल्या-घेतल्या होत्या? त्या सगळ्यांनी पाळल्याही होत्या. ती पुन्हा मशीनकडे वळली, पण आता तिने पदर कमरेला खोचला होता.

मार्तंडराव बरोबर दहाला आले. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि मागे त्यांच्या दुकानातला मेकॅनिक मिथुन, खांद्याला पिशवी लावून. पेढे टीपॉयवर ठेवत मार्तंडराव जयवंतशेजारी असे टेकले, जणू काही घरच्या लग्नाची बोलणी करायला आलेत.

“वहिनी, आधी एक सांगतो. मनात काही ठेवू नका. आपण एका छपराखालची माणसं. ते नोटीस वगैरे राहू दे. मी म्हणतो, मोटार बदलून देतो. अर्धे पैसे तुमचे, अर्धे माझे. ऋतिकाने फक्त तक्रार मागे घ्यायची.”

“उत्तम,” जयवंत लगेच म्हणाला.

“मोटार जळाली कशाने, ते आधी ठरू दे,” जानकी म्हणाली.

“अहो, ते जगजाहीर आहे. तुम्ही मशीनची पूजा केलीत. चांगलं आहे, भक्तिभाव हवाच. पण हळद, कुंकू, वर पाणी. ते आत गेलं. जयवंतनेच मला सांगितलं.”

जानकीने थोरल्या मुलाकडे पाहिलं. जयवंत टीपॉयकडे बघत होता. हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. बाहेरच्यांनी बोललेलं ती गिळू शकत होती, पण लिफ्टमधल्या त्या बोलण्याचं मूळ आपल्याच जेवणाच्या टेबलावर आहे, हे तिला गिळता येईना.

“उघडा,” ती मिथुनला म्हणाली. “उघडून दाखवा, कुंकू कुठे गेलंय ते.”

मिथुनने मालकाकडे पाहिलं. मार्तंडरावांनी मान हलवली. कुंकू आत सापडणारच याची त्यांना खात्री होती. मिथुन मांडी घालून बसला, मशीनच्या पुढच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “दोन स्क्रू ह्या स्टिकरच्या खाली आहेत. फाडावा लागेल.” त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टिकरच्या कडेला लावलंसुद्धा.

“थांब रे. देवीवर हत्यार लावतोस?”

“वहिनी, छापखान्यातला स्टिकर तो,” मार्तंडराव हसले. “दसऱ्याला मीच पाचशे छापून घेतले. मीच चिकटवले.”

“छापलात तुम्ही. पुजलं मी.”

जानकीने वाटीत खोबरेल तेल कोमट करून आणलं, कापसाचा बोळा भिजवला आणि स्टिकरच्या कडेकडेने फिरवू लागली. मुंबईतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांवरचे कागद असेच निघतात. पण आज पाच माणसं श्वास धरून बघत होती. ती घाई करीना. मार्तंडरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ऋतिका मात्र हळूच पुढे सरकून मोबाईलवर चित्रण करू लागली, आणि मार्तंडराव काही म्हणायच्या आत हर्षद म्हणाला, “घरातल्या घरातच आहे, काका.”

स्टिकर अखंड सुटला. जानकीने तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. परत आली तर सगळे मशीनवर वाकले होते.

देवीच्या मागे, पत्र्यावर लाल चौकटीत कंपनीची सूचना होती. अक्षर मोठं होतं, मराठीत होतं, आणि आजवर देवीच्या पाठीशी असल्याने कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. ऋतिकाने ती वर्गात वाचतात तशी ठणठणीत वाचली.

“‘या यंत्रात फक्त गहू, ज्वारी व बाजरी दळावी. डाळी, तांदूळ व मसाल्यांचे मिश्रण भरड दळू नये. मोटारीवर भार येऊन ती जळू शकते.’”

जानकीने ते ऐकलं आणि तिला वाचता येत असूनही ती खाली वाकली, बोट ठेवून एकेक शब्द पुन्हा वाचला. वड्यांच्या पिठात तांदूळ असतो, उडीद डाळ असते, चणाडाळ असते, धणे-मेथी-बडीशेप असते आणि ते भरडच दळायचं असतं, नाहीतर वडा फुगत नाही. त्या लाल चौकटीत जे जे करू नका म्हटलं होतं, नेमकं तेच ती दोन महिने करत होती.

मिथुनने तोवर स्क्रू सोडवून पत्रा काढला. आत टॉर्च मारला, बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. बोट कोरडं होतं आणि त्याला पिठाखेरीज काही लागलं नव्हतं. “काकी, कुंकू आत आलंच नाही,” तो म्हणाला. “स्टिकरनेच अडवलं सगळं. मोटार लोडने जळालीय. हे बघा, वायर कशी काळी झालीय.”

“मिथुन,” मार्तंडराव म्हणाले.

“शेठ, समोर दिसतंय, खोटं कसं बोलू?”

मार्तंडरावांचा रंग उडाला, पण माणूस दुकानदारीत मुरलेला. दोन घोट पाणी पिऊन त्यांनी पवित्रा बदलला. “मग झालं तर. कंपनीने स्पष्ट लिहिलंय, मिश्रण दळू नका. वहिनींनी दळलं. यात माझा काय दोष? वापर चुकला.”

इतका वेळ सावरून धरलेली जानकी क्षणभर खचली. फिरून गाडी तिच्या हातावरच येत होती.

“सर, सूचना झाकली कुणी?” ऋतिकाने विचारलं. “आत्ताच म्हणालात, मीच चिकटवले. आणि हा तुमच्या काचेतला नमुन्याचा पीस होता, सोबत माहितीपुस्तकही नव्हतं. आईंना कळायचं कसं?”

“स्टिकर सगळ्याच मशीनवर लावले. मला काय माहीत, त्या काय दळणार होत्या?”

“मी सांगितलं होतं,” जानकी म्हणाली.

“वहिनी, सणासुदीची गर्दी. रोज शंभर माणसं येतात. कुणी काय सांगितलं ते लक्षात राहतं का? आणि सांगितलं याला पुरावा काय?” एवढं म्हणून ते मागे टेकले. बाजी आपल्या हातात आली, हे त्यांच्या झब्ब्याच्या घड्यांवरूनसुद्धा दिसत होतं.

ऋतिकाच्या साऱ्या कायद्याची बैठक त्या एका वाक्यावर होती. गिऱ्हाईकाने काम सांगितलं का? सांगितलं असेल तर हमी आहे, नसेल तर नाही. आणि दुकानात त्या दिवशी ती नव्हती, हर्षदही नव्हता. जानकीबरोबर गेला होता एकटा जयवंत.

ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, निदान पाहत नसल्यासारखं केलं. जानकीने तर मुद्दाम तोंड फिरवून वाटीतलं तेल झाकून ठेवलं. तिला मुलाला पेचात टाकायचं नव्हतं. त्याला नव्या बिल्डिंगीत मोठी खोली हवी होती, मुलीच्या अभ्यासासाठी. हे तिला समजत होतं, आणि समजत असूनही ती वाट बघत होती.

“पुरावा मी आहे,” जयवंत म्हणाला.

मार्तंडरावांनी मान वळवली. “जया?”

“मी होतो, मार्तंडराव. तुम्ही काउंटरवर होतात, आई तुमच्यासमोर उभी होती. तिने एकदा नाही, तीनदा विचारलं. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, सगळं एकत्र दळायचंय, वड्यांचं पीठ आहे, भरड काढायचंय, चालेल ना? तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतं?”

“गर्दीत—”

“‘वहिनी, लोखंड सोडून काय पण टाका.’ मला हसू आलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.” जयवंत आता उभा राहिला होता. “आणि हळदकुंकवाचं मी तुम्हाला बोलता बोलता सांगितलं, सहज. तुम्ही ते बिल्डिंगभर केलंत. मी ऐकत होतो आणि मूग गिळून बसलो. आयोगापुढे विचारलं तर हे सगळं मी असंच सांगेन. कमिटीतून काढायचं तर काढा.”

जानकीला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. भर माणसांत पदराने डोळे पुसून ती मुलाला म्हणाली, “बस झिला, बस. पाय दुखतले.” तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते तिलाच सांगता आलं नसतं. जयवंत मात्र लहान मुलासारखा पटकन बसला.

ऋतिकाने थोरल्या दिराकडे पाहिलं. सकाळपासून जो तिला शत्रूपक्ष वाटत होता, त्यानेच तिच्या धड्याचं हरवलेलं पान आणून दिलं होतं. ती मार्तंडरावांकडे वळली आणि नरमाईने म्हणाली, “सर, तुम्ही मुद्दाम फसवलंत असं मी म्हणत नाही. तक्रारीतही तसं लिहिलेलं नाही. पण त्यांनी काम सांगितलं, तुम्ही चालेल म्हणालात, त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून घेतलं. बिलाच्या तळाशी काहीही छापलं तरी ही हमी पुसली जात नाही.”

मार्तंडरावांनी वाकून ती लाल चौकट स्वतः वाचली. ते वाईट नव्हते. ती सूचना त्यांनीही आधी कधी वाचली नव्हती, नुसता स्टिकर लावायला सपाट जागा दिसली म्हणून लावला होता. दसऱ्याला तशी तीस मशीनं गेली होती. हे आठवलं तसा त्यांना घाम फुटला. “मिथुन,” ते हळू आवाजात म्हणाले, “बाकीच्या घरी फोन लावायला लागणार.”

“लावतो, शेठ.”

“वहिनी, मशीन मी घेऊन जातो. पैसे पूर्ण परत. की भरड काढणारं मोठं मशीन देऊ? तसं येतं. त्याच पैशात देतो, वरचे माझे.”

“पैशाचं ऋतिकाशी बोला,” जानकी म्हणाली. “माझं दुसरं आहे.”

“बोला.”

“लिफ्टमध्ये जे सांगितलंत, ते आता सोसायटीच्या ग्रुपवर परत घ्या. इथे बसून. माझ्यासमोर.”

मार्तंडरावांनी जयवंतकडे पाहिलं, मग हर्षदकडे, मग कुणी न उघडलेल्या पेढ्यांच्या बॉक्सकडे. सुटकेची वाट कुठेच नव्हती. सेक्रेटरी झाल्यापासून सहा वर्षं त्या ग्रुपवर ते फक्त दुसऱ्यांच्या चुका टाकत आले होते. कुणी पाण्याची टाकी उघडी ठेवली, कुणी कचरा जिन्यात टाकला, कुणाची गाडी गेटात उभी आहे. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला.

“सांगा.”

जानकी समोरच्या खुर्चीत बसली. इतकी ताठ ती मुलांच्या लग्नांतही बसली नव्हती. “लिहा. जानकी परब यांच्या घरघंटीत हळदकुंकू गेलं नव्हतं.”

मार्तंडराव टाईप करू लागले. “गेलं नव्हतं. पुढे?”

“आमच्या दुकानाने त्यांना चुकीचं मशीन दिलं. त्यांनी विचारलं होतं, आम्ही नीट सांगितलं नाही.”

“‘आम्ही’च लिहू ना?”

“तुम्ही असाल तर ‘मी’ लिहा.”

हर्षदने खोकल्याचं निमित्त केलं. मार्तंडरावांनी खोडून ‘मी’ केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण बोट चालू होतं. “झालं? टाकू?”

“आणखी एक ओळ.” दोन महिने मनात घोळवलेलं वाक्य जानकीच्या ओठांवर आलं ते शहरातल्या भाषेत यायला तयारच नव्हतं. “माझो हात बरोबर होतो.”

मार्तंडरावांचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “असंच लिहू? मालवणीत?”

“असाच लिवा,” जानकी म्हणाली. “बिल्डिंगीत सगळ्यांका समजतला.”